गेटबाहेरच्या लाऱ्या आणि आतले मेज



आमच्या धर्मग्रामात गेले दोन महिने एकाच विषयावर बोलणे चालू आहे. रविवारी सकाळच्या दोन मिस्सांच्या वेळी चर्चच्या गेटबाहेर लाऱ्या लागतात. (बडोद्यात हातगाडीला आपण मराठी लोकही लारीच म्हणतो, बाहेरगावच्या वाचकांनी समजून घ्यावे.) एक सेव-उसळीची, एक आम्लेट-पावाची, एक-दोन फळांच्या, हिवाळ्यात एखादी बोरांची. त्यांच्या पलीकडे भिंतीला टेकून, गोणपाट अंथरून चार-पाच बायका भाजी घेऊन बसतात. अशा विक्रेत्यांना गुजरातीत पाथरणावाळा म्हणतात. मिस्सा सुटली की अर्धा-पाऊण तास तिथे छोटासा बाजार भरतो.

आता एक सूचना आली आहे आणि तिला बऱ्याच जणांचा पाठिंबा आहे. पॅरिशच्या लेटरहेडवर महानगरपालिकेच्या दबाण शाखेला, म्हणजे अतिक्रमण खात्याला, अर्ज करायचा आणि या लाऱ्या उठवून घ्यायच्या. त्याऐवजी आवारातच एका केटररला ठेका देऊन कुपनावर चालणारा स्वच्छ अल्पोपाहार सुरू करायचा.

आम्ही या सूचनेच्या विरोधात आहोत. आम्ही म्हणजे रविवारी गेटवर गाड्या लावून देणारे, म्हाताऱ्यांना हात देणारे आणि महिन्यातून एकदा गरजू घरांना शिधा पोचवणारे सात-आठ स्वयंसेवक. या विषयावर बोलायचा आमचा अधिकार एवढाच, की त्या लाऱ्यांच्या सर्वांत जवळ आम्ही उभे असतो.

तक्रारी खोट्या नाहीत, हे आधी मान्य करू. कागदी बशा उडत आवारात येतात. गॅसची टाकी गेटच्या अगदी तोंडाशी असते. स्कूटर काढायला जागा राहत नाही. या तिन्ही गोष्टींवर उपाय आहेत आणि ते अर्ध्या तासात ठरू शकतात. पण मागच्या बैठकीत एक वाक्य बोलले गेले, त्यावर उपाय कचरापेटीचा नाही. आपल्या मुलांना तिथे कोणाकोणाबरोबर उभे राहून खावे लागते ते जरा बघा, असे कोणीतरी म्हणाले, आणि बऱ्याच माना हलल्या. तेव्हा प्रश्न बशांचा नाही, माणसांचा आहे. मग माणसांबद्दलच बोलू या.

आपल्या शहरात माणसे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहतात अशा जागा किती? शाळा फीप्रमाणे वेगळ्या झाल्या. दवाखाने वेगळे झाले. सोसायट्यांना फाटके आली, आणि काही सोसायट्यांत सामान आणून देणाऱ्या मुलाने कोणती लिफ्ट वापरावी याची पाटी असते. सिनेमासुद्धा मॉलमध्ये गेला. उरला तो भाजीबाजार.

खंडेराव मार्केट बघा. 1906 च्या सुमारास सयाजीराव महाराजांनी ते बांधवले आणि आपल्या आधीच्या गादीवरच्या खंडेराव महाराजांचे नाव त्याला दिले. समोरच्या महालासारख्या इमारतीत आज महानगरपालिकेचे मुख्य कार्यालय आहे, आणि मागे भाजी, फळे, फुले. शहराचा कारभार आणि शहराची कोथिंबीर एकाच आवारात, हे आम्हाला नेहमी आवडत आले आहे. तिथे वाड्यात जन्म काढलेल्या आजी नऊवारी सावरत अळूची पाने उलटून बघतात. शेजारी अलकापुरीतून मोटार घेऊन आलेल्या बाई असतात, खानावळीचा माणूस असतो, रिक्षा बाहेर लावून आलेला रिक्षावाला असतो. भाजीवाली 'लई जाओ ने बेन' म्हणते, आजी तिला अर्ध्या मराठीत अर्ध्या गुजरातीत उत्तर देतात, आणि दोघींना सगळे कळते. तिथे बटाट्याला आपण बटाटा म्हणतो, ती बटाका म्हणते. दोघींनी शब्द उचलला पोर्तुगिजांकडून. अननसही तसाच. कोणाचे काय कोणाकडून आले याचा हिशेब भाजीबाजाराने कधीच सोडून दिला आहे.

पण बाजाराची फार आरती ओवाळायची आमची इच्छा नाही. नीट पाहिले तर तिथेही माणसे वेळेने वेगळी होतात. सकाळी लवकर येतात ते निवडून घेणारे. पहिली तुरीची ओली शेंग, कोवळी पापडी, ताजा पाला त्यांच्या पिशवीत जातो. भाव उतरतो तो संध्याकाळी उशिरा. तेव्हा किलो-पाव किलो बंद होते आणि वाटे लागतात. जो वाटा समोर आहे तो उचलायचा, निवडायचे नाही. त्या वेळी येणारी माणसे वेगळी असतात. ज्यांचा दिवसाचा पगार संध्याकाळी हातात पडतो ती. बाजार तोच, भाजीसुद्धा त्याच टोपलीतली, पण सकाळचे गिऱ्हाईक आणि रात्रीचे गिऱ्हाईक एकमेकांना कधी भेटत नाही. विकणाऱ्यांतही पायऱ्या आहेत. ज्याचा ओटा बांधलेला आहे तो पाथरणेवालीला आपल्या समोर बसू देत नाही. आणि हेही सांगितले पाहिजे: कचरा वेचणारा पोरगा पैसे हातात घेऊन आला तरी त्याला लारीपासून चार हात लांब उभे करणारे लारीवाले आम्ही पाहिले आहेत. गरिबाने गरिबाला हाकलणे काही नवीन नाही.

म्हणजे बाजार आपल्याला एका जागी आणतो, याहून अधिक तो काही करत नाही. तो पैसे घेतो, माणूस घेतोच असे नाही. याचा सर्वांत कडू दाखला याच शहरातला आहे, आणि त्यात एक ख्रिस्ती घर आहे.

1917 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानाच्या नोकरीवर रुजू व्हायला इथे आले. संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत शिकून आले होते आणि कराराप्रमाणे नोकरी करणे भाग होते. शहरात त्यांना उतरायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून, रोजचे भाडे ठरवून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना बाहेर काढले. भाडे देणारा माणूस तोच होता. कळले होते ते फक्त त्याचे जन्माचे घर. हा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे, आणि आपण तो सांगतो तेव्हा पारशांवर थांबतो. पण 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनी पुढचेही लिहिले आहे. त्या दिवशी ते दोन मित्रांकडे आसरा मागायला गेले. एक हिंदू होता, एक ख्रिस्ती. ख्रिस्ती मित्र म्हणाला, पत्नी उद्या येते आहे, तिला विचारावे लागेल. ते जोडपे ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेले होते. पती विचाराने मोकळा झाला होता, पण पत्नीचे सोवळे सुटले नव्हते, हे बाबासाहेबांना पुढे कळले. त्यानंतर ते कामाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत बसून राहिले.

सयाजीबागेत आपली मुले खेळायला जातात. संडेस्कूलची सहल तिथेच जाते. त्या सहलीत ही गोष्ट, तिच्यातल्या ख्रिस्ती घरासकट, कोणी सांगितल्याचे आम्हाला माहीत नाही. सांगायला हवी. दार उघडायला नको होते म्हणून पत्नीचे नाव पुढे करणारा तो माणूस वाईट नव्हता. प्रार्थना करणारा, शिकलेला, मित्राला मित्र म्हणणारा होता. फक्त ओळखीची हद्द त्याने घराच्या उंबऱ्यावर ठेवली होती.

पौलाला हा प्रश्न करिंथमध्ये भेटला. करिंथकरांस पहिले पत्र आपण वाचतो ते प्रीतीच्या अध्यायासाठी, लग्नात. पण त्याच पत्रात बाजाराबद्दल आणि जेवणाबद्दल पौल जितके लिहितो तितके क्वचितच कुठे लिहितो. करिंथ हे बंदराचे, व्यापाराचे शहर. तिथे मांसाचा सार्वजनिक बाजार होता. विकायला येणारे बरेच मांस देवळातल्या बळींचे असायचे, म्हणून विश्वासणाऱ्यांना प्रश्न पडला, घ्यावे की न घ्यावे? दहाव्या अध्यायात पौल सांगतो ते थोडक्यात असे, की बाजारात जे विकले जाते ते खा, उगाच चौकशी करत बसू नका. पृथ्वी प्रभूची आहे. हा माणूस त्या शहरात अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवून पोट भरत होता. बाजार त्याला बाहेरून माहीत नव्हता, तो त्यातच बसत होता.

बाजाराबद्दल इतका सैल असणारा हा पौल पुढच्याच अध्यायात चिडतो, आणि कोणावर? बाजारावर नाही, मंडळीवर. प्रभुभोजनासाठी सगळे एकत्र येत. ज्यांना वेळ होता आणि ज्यांच्या घरी भरपूर होते ते आधी येऊन जेवून घेत. कामावरून उशिरा सुटणारे मजूर आणि गुलाम येईपर्यंत एक जण उपाशी आणि दुसरा प्यायलेला, अशी स्थिती. त्या काळच्या रोमी घरांत जेवणाच्या खोलीत जेमतेम नऊ-दहा माणसे लवंडून बसू शकत. बाकीच्यांना बाहेरच्या चौकात बसावे लागे. यजमान आपल्या बरोबरीच्यांना आत बसवणार हे उघड होते. त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते, समाजाची रीतच ती होती. पौलाला वावगे वाटले. हे प्रभूचे भोजनच नव्हे, असे तो त्यांना सुनावतो, आणि ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तुम्ही लाजवता, हा त्याचा आरोप आहे. मिस्सेत आपण ऐकतो ते शेवटच्या भोजनाचे सर्वांत जुने लेखी वर्णन याच भांडणात आले आहे. उशिरा येणाऱ्या मजुरांच्या ताटासाठी पौलाने ते लिहिले, हे आपण विसरतो.

आता आमच्या कुपनाच्या अल्पोपाहाराकडे बघा. बाहेर सेव-उसळीच्या लारीवर रविवारी कोण कोण उभे असते ते आम्ही मोजल्यासारखे सांगू शकतो. बँकेतून निवृत्त झालेले काका, त्यांच्या सोसायटीचा वॉचमन, पहिल्या मिस्सेला येऊन मग चार घरची कामे करायला जाणाऱ्या दोन बहिणी, कॉलेजची पोरे, समोरच्या गल्लीतले मुसलमान गॅरेजवाले, आणि कधी कधी चर्चमध्ये पाऊलही न ठेवलेले पण उसळीसाठी येणारे एक गुजराती कुटुंब. आत केटरर आला की यातले कोण आत येतील? काका येतील. कॉलेजची पोरे कदाचित येतील. वॉचमन येणार नाही. त्याला कोणी अडवणार नाही, पण तो येणार नाही. कुपनाचे टेबल, पांढरा कपडा, ओळखीच्या लोकांचा घोळका, हे बघून कोणाला थांबायचे आणि कोणाला पुढे जायचे हे न सांगता कळते. करिंथची आतली खोली अशीच भरत असणार.

आणि ज्या खाण्यावरून हे चालले आहे त्याचा इतिहास तरी बघा. सेव-उसळ ही या शहराची खूण. नावातली उसळ आपली मराठी, सेव गुजराती, आणि बरोबर पाव. पाव आला पोर्तुगिजांकडून, शब्दासकट. वसईकडच्या आपल्या नातेवाइकांना विहिरीची गोष्ट ठाऊक आहे. विहिरीत पावाचा तुकडा टाकला आणि ते पाणी प्यायले म्हणून गावेच्या गावे बाटली असे मानले गेले, त्यांना परत घेतले गेले नाही, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. गोष्ट जशी सांगतात तशी घडली असो वा नसो, पाव खाणारा म्हणजे बाटलेला हा शिक्का खरा होता आणि आपल्या पूर्वजांनी तो सोसला. आज तोच पाव वडापावात आहे, पावभाजीत आहे, बडोद्याच्या सेव-उसळीबरोबर आहे, आणि कोणाचीही जात त्याने जात नाही. हे कोणत्या परिषदेने घडवले नाही. लाऱ्यांनी घडवले. भूक लागलेली माणसे रस्त्यावर उभी राहून, शेजारचा कोण आहे हे न विचारता खात राहिली, आणि पाऊणशे-शंभर वर्षांत पावाचा विटाळ संपला. पाव खाल्ला म्हणून ज्यांना गावाबाहेर काढले त्यांच्या वंशजांनी आता आम्लेट-पावाची लारी गेटबाहेरून हाकलायची, हे आम्हाला पचत नाही.

आम्लेटाच्या वासाबद्दल बोलले गेले म्हणून थोडे त्याबद्दल. नोव्हेंबर 2021 मध्ये राजकोट, बडोदा, भावनगर, अहमदाबाद इथल्या पालिकांमधून अंड्या-मांसाच्या लाऱ्या झाका किंवा मुख्य रस्त्यांवरून हलवा असे हुकूम निघाले, ते आठवते ना? तेव्हा आपल्या घरांत किती संताप होता. पुढच्याच महिन्यात अहमदाबादच्या लारीवाल्यांच्या अर्जावर गुजरात उच्च न्यायालयाने तिथल्या महानगरपालिकेला झाडले, की लोकांनी बाहेर काय खावे हे ठरवणारे तुम्ही कोण. ती बातमी आपण एकमेकांना पाठवली होती. आता तीच मागणी आपल्या लेटरहेडवर जाणार असेल तर दबाण शाखेच्या साहेबांना हसू आवरणार नाही.

कायद्याचेही पाहू. 2014 च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे विक्रेत्याला उठवण्यापूर्वी तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. शहराच्या विक्रेता समितीत निदान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांमधून निवडलेले आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असायला हव्यात. म्हणजे रस्त्यावर विकणे हा गुन्हा नाही, ती उपजीविका आहे, असे देशाचा कायदा म्हणतो. व्यवहारात काय होते ते सगळ्यांना माहीत आहे. एक फोन जातो, गाडी येते, तराजू आणि टोपल्या उचलून नेते, आणि सोडवून आणण्यात दोन दिवस बुडतात. तो फोन पॅरिशच्या ऑफिसातून जाऊ नये.

आमच्या मनातली सर्वांत मोठी गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि बैठकीत ती बोलायची राहून गेली. भिंतीला टेकून बसणाऱ्यांतल्या एक मासी, देवीपूजक समाजाच्या, वयाने साठीच्या पुढच्या. मराठी समजते त्यांना, बोलत नाहीत. गेल्या पावसाळ्यात त्यांनी आमच्यातल्या एकीला बाजूला घेऊन सांगितले, तुमच्या त्या अमुक बेन आता किलो घेत नाहीत, शेवटी येऊन वाटा उचलतात, आणि मागच्या दोन रविवारी तेही घेतले नाही. जरा बघा. आम्ही गेलो. नवऱ्याची नोकरी सुटून चार महिने झाले होते. त्या बाई दर रविवारी इस्त्रीची साडी नेसून मिस्सेला येत होत्या, शांतीचे अभिवादन करताना आपल्यापैकी कितीतरी जणांनी त्यांचा हात हातात घेतला होता, आणि कोणाला काही कळले नव्हते. ज्या बाईने त्यांचा हात कधी धरला नाही तिला कळले, कारण ती पिशवीकडे बघत होती. आमच्या शिध्याच्या यादीत अशी तीन घरे आहेत जी आम्हाला या भाजीवाल्यांमुळे कळली. त्यांतल्या दोघींच्या वहीत त्या घरांची उधारी आहे, आणि ती मागायला त्या कधी गेटच्या आत आलेल्या नाहीत.

केटररला हे कळणार नाही. त्याचा दोष नाही. तो कुपने मोजेल. मोबाइलवरून दहा मिनिटांत भाजी आणून देणाऱ्यालाही कळणार नाही. (वृद्धांनी, आजाऱ्यांनी ती सोय जरूर वापरावी, आमचे भांडण सोयीशी नाही.) पण बाजारात जाणे बंद झाले की एकमेकांच्या पिशवीत काय आहे हे दिसणेही बंद होते. आमोस संदेष्टा मेंढपाळ होता आणि उंबराच्या फळांची निगा करत असे, म्हणजे बाजाराशी संबंध असलेला माणूस. माप लहान करून आणि गव्हाचा केरकचरा विकून गरिबाला लुटणाऱ्यांवर तो तुटून पडतो, ते त्याने ती मापे पाहिली होती म्हणून. मापे जवळून न पाहणाऱ्याला आठव्या अध्यायातले ते बोलणे सुचले नसते.

हे सगळे बाहेरच्या लाऱ्यांबद्दल झाले. आतल्या मेजाबद्दलही एक बोलून टाकतो, नाहीतर आमचे म्हणणे अर्धेच राहील. गेली तीन वर्षे आपल्या सणाच्या जेवणाला देणगीदारांसाठी वेगळा मांडव असतो. खुर्च्यांना पांढऱ्या खोळी, पाण्याच्या सीलबंद बाटल्या, वाढायला माणसे. बाकीच्यांना रांगेत उभे राहून ताट घ्यायचे. मांडवाचा खर्च देणगीदारच करतात आणि मनाने करतात, त्यांच्या भक्तीबद्दल आम्हाला शंका नाही. त्यांच्यातल्या एकांनी स्वतःच आम्हाला सांगितले, की त्यांना तिथे बसायला संकोच वाटतो, पण नको म्हणणे बरे दिसत नाही. मग नको म्हणण्याचे काम पॅरिश कौन्सिलने करावे. याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घालून आलेल्याला पुढे बसवण्याबद्दल जे लिहिले आहे ते वाचून दाखवायची गरज पडू नये. मांडव एकच असावा, वाढणारे आळीपाळीने सगळ्यांतून असावेत, आणि जेवणासाठी सगळ्यांनी थांबावे. गेटवरचे वॉचमन आणि स्वयंपाकाला आलेल्या बायका सगळ्यांत शेवटी, उरलेले खातात, तेही थांबावे. बाजार एवढे करू शकत नाही. एका पंगतीला बसवणे हे त्याचे कामच नाही. ते आपले काम आहे, आणि दर रविवारी वेदीभोवती आपण ते करतो असे म्हणतो.

लाऱ्यांबाबत आमच्या सूचना अशा. गेटच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा फूट जागा मोकळी राहील अशी पांढरी रेघ मारावी. रंग आणि हात आमचे. दोन मोठ्या कचरापेट्या पॅरिशने द्याव्यात, त्या भरल्या की लारीवालेच रिकाम्या करतील, आम्ही त्यांच्याशी बोललो आहोत. गॅसची टाकी लारीच्या मागच्या बाजूला, गर्दीपासून लांब. भाजीवाल्या बायकांना पावसाळ्यात आवाराच्या पत्र्याखाली बसू द्यावे आणि बाथरूम वापरू द्यावे. ती किल्ली आजही आमच्याकडेच असते. ज्यांच्याकडे पालिकेचे विक्रेता प्रमाणपत्र नाही त्यांचे फॉर्म भरून द्यायला कॉलेजच्या मुलामुलींचा एक गट तयार आहे. आणि कुपनाचा अल्पोपाहार करायचाच असेल तर सणाच्या आठवड्यात तो सेव-उसळवाल्या भाईंनाच द्यावा. त्यांची उसळ कोणत्याही केटररपेक्षा चांगली आहे, यावर तरी कौन्सिलमध्ये मतभेद होऊ नयेत.

बैठक येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर हॉलमध्ये आहे. लारीवाल्यांपैकी दोघांना आणि भाजीवाल्या मासींना यायला सांगितले आहे, फादरांची त्याला परवानगी आहे. फक्त मिस्सा सुटल्यावरचा पाऊण तास त्यांचा धंद्याचा असतो, म्हणून बैठक पाऊण तास उशिरा, साडेअकराला सुरू करावी, एवढी विनंती.